खांद्यावर कोळसा

न्यूकॅसलहून बोट लागायची तेव्हा
रेकयाविकच्या धक्क्यावर आम्ही आधीच रांगेत.
फळी ओली, खाली काळं पाणी,
पाठीवर पोतं,
पोत्यात परक्या जमिनीतला अंधार.
खेपेचे किती, हे मुकादम ठरवायचा.
कोळशाचे किती, हे बोट ठरवायची.
हिवाळाभर गावावर धुराची घोंगडी;
समोर डोंगर आहे, हे आम्ही
आठवणीवरच चालवून घ्यायचो.

आणि तीन किलोमीटरवर
जमीन आपली आपण उकळत होती.
फुकट. रात्रंदिवस.
या बेटावर पहिला माणूस उतरला
त्याच्याही आधीपासून.

आई तिथे धुणं धुवायची. लोकांचं.
पाठीवर गाठोडं, हातात बादली, कनवटीला कॉफीची पूड,
बर्फ पडला की गाठोडं घसरगाडीवर.
त्या वाटेचं नावच झऱ्यांची वाट.
आता तिथे दुकानं आहेत, टोप्यांची वगैरे.
एका फेब्रुवारीत इंग्वेल्दुर पाय घसरून
उकळत्या झऱ्यात पडली.
नंतर नगरपालिकेनं लोखंडी कठडे बसवले.
आई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली,
डॉक्टरच्या बायकोच्या चादरी राहिल्या होत्या.

मी तेव्हा नऊ वर्षांचा. विचारलं,
हे पाणीच घरी का नाही येत?
आई म्हणाली, त्याला पाय नाहीत, तुला आहेत.
बादली घे.

काखेत कळसा म्हणतात तो आमच्या काखेतच होता.
खांद्यावर मात्र कोळसा.

एकोणचाळीस साली चर खणायला घेतले.
स्काफ्ती नावाचा एक सडपातळ इंजिनिअर
नकाशा छातीशी धरून चालायचा, तान्ह्या पोरासारखा.
मी धक्का सोडून कुदळ धरली.
जुने सोबती म्हणाले, स्वतःच्या पोटावर पाय देतोयस.
खरं होतं. खणत राहिलो.

मग तिकडे लढाई पेटली.
आमचे पाइप कोपनहेगनच्या गोदीत अडकले,
आणि डेन्मार्क जर्मनांच्या मुठीत.
इथे चर तसेच उघडे,
दात पाडून ठेवलेल्या हिरड्यांसारखे.
पोरं त्यात घसरगाड्या खेळली.
एक मेंढी मेली.
कोळशाचा भाव असा चढला
की पाद्र्यानं बाकाची फळी जाळली म्हणे.
मी पुन्हा धक्क्यावर.
मुकादम काही बोलला नाही,
फक्त पोतं जरा जड दिलं.

अखेर पाइप आले, अमेरिकेहून,
पाणबुड्यांच्या भीतीनं लांबचा फेरा घालून.
त्रेचाळीसच्या हिवाळ्यात
स्काफ्ती आमच्या स्वयंपाकघरात उभा राहिला
आणि नळाकडे बघून म्हणाला, सोडा.
आधी खोकला. मग तांबूस थुंकी.
मग वाफ.
सडक्या अंड्याचा वास घरभर पसरला.
हाल्बेरानं नाकाला पदर, म्हणजे एप्रनचं टोक, लावलं आणि रडली,
वासामुळे, असं ती अजून सांगते.

दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात.
आई नळाला हात लावण्याआधी
नळावर फुंकर घालायची.
शेवटपर्यंत.

पुढल्या जूनमध्ये जुन्या सभेच्या मैदानावर
धो धो पावसात उभे राहून
आम्ही प्रजासत्ताक झालो.
घंटा वाजल्या, भाषणं झाली, मला ऐकू आली नाहीत.
मी स्वतंत्र होऊन घरी आलो
आणि ओले मोजे रेडिएटरवर टाकले.
सकाळी ते कडक वाळले होते.
कोणाला बिल द्यायचं तर आपल्याच नगरपालिकेला.

कोळसा उगाळावा तितका काळाच.
माझा उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा खाली आहे,
शिंपी दर वेळी विचारतो.
धूर गेला तसा डोंगर दिसू लागला,
आठवणीतल्यापेक्षा बुटका निघाला.

लग्नात मिळालेला एकच चांदीचा चमचा होता घरात.
गंधकाच्या पाण्यानं तो महिन्याभरात काळा पडला.
हाल्बेरा राखेनं घासायला बसली,
मग लक्षात आलं,
घरात राख कुठाय?