सोळा शतांश

फॉर्मवर छापलंय: समाधानकारक प्रगती.
कुणाचं समाधान, ते छापलेलं नाही.
सहा हवे होते,
मला पाच पूर्णांक चौऱ्याऐंशी.
सोळा शतांश कमी,
हजेरी एकाहत्तर टक्के,
आणि अकाउंटन्सीपुढे तांबड्या शाईची चौकट.

क्लेमेंतिना बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘पुता, हांगा वळ आसा न्ही? कारण बरय.’
वळ माझ्या करंगळीएवढी.

कारण मला पाठ आहे.
ऑक्टोबरपासून कळंगुटच्या हॉटेलात
रात्री अकरा ते सकाळी सात
काउंटरमागे मी.
तीनशे अकराचं सामान, दोनशे चारची चावी,
चार्टर विमानाने आलेल्या बाईंना
पहाटे तीनला गरम पाणी का नाही
त्याबद्दल माझी क्षमा.
मग म्हापशाची बस,
स्टँडवर उभ्यानेच भाजी-पाव,
आणि पहिल्या तासाला घसारा:
यंत्र दर वर्षी किती झिजतं ते काढायचं.
मी शेवटच्या बाकावर झिजत असायचो
सरळ रेषा पद्धतीने.

पण हे लिहिता येत नाही.
मामलेदारांच्या दाखल्यात आमच्या घराचं उत्पन्न आहे,
त्यात माझे अकरा हजार नाहीत.
ते धरले तर मी गरीब नाही,
न धरले तर मी आळशी.
दोन्ही फॉर्म एकाच फायलीत,
एकाच टाचणीने टोचलेले.

बाबा रेंदेर होते, शिवोलीत.
सुरेचा माड दिवसातून तीनदा चढून
पोय पातळ कापावी लागते.
एक दिवस चुकला तर ती रुसते,
चार चुकले तर सुकते.
त्यांना एकाहत्तर टक्के सांगितले
तेव्हा बराच वेळ सुरी पुसत राहिले,
मग म्हणाले, ‘माडाने ऐकून घेतलं नसतं.’

आता गुडघ्यांमुळे ते खालूनच बघतात.
खोडावरच्या खाचा अजून आहेत.
मी एकदा चढलो होतो,
चौथ्या खाचेवर अडकलो:
त्या त्यांच्या ढांगेच्या मापाने कोरलेल्या,
आणि माझे पाय आईवर गेलेत.

‘जोर बरय,’ बाई हळूच म्हणाल्या. ताप लिही.
तापाला डॉक्टरचा कागद लागतो.

कुंकळयेकर डॉक्टरांकडे माझा नंबर चौदा.
भिंतीवर दात घासणाऱ्या मुलाचं चित्र,
पंखा, फिनेलचा वास,
आणि कुणी चावी मागत नव्हतं.
एकोणिसाव्याला कंपाउंडरने मला हलवलं.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली.
‘किती झोपतोस?’
‘तीन तास. रविवारी सहा.’
‘आणि ताप कधी आला होता?’
मी उत्तर शोधत राहिलो.
त्यांनी काहीतरी लिहिलं,
दीडशे रुपये घेतले,
पुढच्याला हाक मारली.

बसमध्ये तो कागद मी तीन बाजूंनी वाचला.
तारीख लागली, सही लागली,
मधला शब्द लागला नाही.
बाईंनाही लागला नसावा.
त्यांनी शिक्का मारला,
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली,
आणि म्हणाल्या, समिती मार्चमध्ये बसते.

वळीवर मी शेवटी ‘प्रकृती’ लिहिलं.
प्रगतीच्या बरोबर खाली.
लांबून बघितलं तर
दोन्ही शब्द एकच वाटतात.

आता सव्वादोन झालेत.
दोनशे चारमधून फोन:
साडेपाचला उठवा, विमान आहे.
हो म्हणालो. रजिस्टर ओढलं.
खोली, वेळ, नाव, आणि नावात त्यांच्या
तीन जोडाक्षरं.
सगळं मावलं.
इथल्या ओळी चांगल्या लांब आहेत.