पाच मिली

सांगलीच्या यार्डात हळदीचं पोतं काट्यावर चढलं
की मी आकडा ओरडतो.
शेतकरी, अडत्या, दोघंही मान हलवतात.
बावीस वर्षं.
पोत्यामागं पावशेर इकडंतिकडं, तेवढं चालतंच.

रात्री साडेअकराला श्रेणिकच्या पाठीला हात लावला
आणि मागं घेतला.
थर्मामीटर म्हणाला एकशे दोन पॉइंट चार.
त्रिशला मिरजेला, रात्रपाळीवर.
फ्रिजवर दोन बाटल्या. नाव एकच,
गुलाबी रंगही तोच.
एक थोरलीची, एक याची.
दिव्याखाली धरून बारीक अक्षरांवरनं
बोट फिरवत गेलो, पहिलीतल्या पोरासारखा.
थोरलीच्या बाटलीत औषध दुप्पट.
याची ही.

चमचा काढला होता, पोह्यांचा.
मग मगदूम मेडिकलमधलं पोरगं आठवलं :
"काका, घरातला चमचा नको. त्याला काय आकडा असतोय?"
तोलाईदाराला हे सांगायची वेळ!
टोपणाचं माप कट्ट्यावर ठेवलं, ओतलं,
गुडघे टेकून डोळा रेघेला भिडवला.
पाच. पाचाच्या वर केसभर.
ते केसभरही काढलं.
अकरा किलोचं पोर.
इतकं बारीक मी कधी काही तोललं नव्हतं.

वळताना कॅलेंडर दिसलं.
दुधाच्या हिशोबाखाली, पेन्सिलीनं :
साडेआठ. दिलं. पाच.
तिचं अक्षर. बस गाठायच्या घाईत
शेवटचा अनुस्वार चौकटीबाहेर पडलेला.

सहा तास, डॉक्टर म्हणाले होते.
साडेआठ, साडेनऊ... बोटांवर मोजलं,
पुन्हा मोजलं.
माप मोरीत ओतलं. हात थरथरत होता,
ते कुणी बघितलं नाही.

मग त्याचा स्वेटर काढला,
पंचा साध्या पाण्यात पिळून
मान, काखा, पावलं पुसली.
वाटीनं दोन घोट, परत दोन घोट.
तो रडला, मला लाथ मारली,
लाथेत जोर होता म्हणून बरं वाटलं.
काटा हलत असताना आकडा सांगायचा नाही,
यार्डात नव्या पोरांना मीच दरडावतो.
घड्याळापुढं बसून राहिलो.

अडीचला गजर.
श्रेणिक घामानं ओला, तोंड उघडं, गाढ.
काखेत नव्व्याण्णव.
दोन्ही बाटल्यांची टोपणं आवळली,
फ्रिजवरनं उचलून कपाटाच्या माथ्यावर सरकवल्या.
फ्रिजपर्यंत त्याचं स्टूल पोचतंय आता.

पेन्सिल सापडायला वेळ लागला.
तिच्या ओळीखाली लिहिलं :
अडीच. दिलं नाही.