महिन्यातले तीन दिवस

बेचाळीस वर्षं संसार झाला,
मग केमियार्वीच्या ऑफिसातून करारनामा आला:
मी सांभाळणारा, इर्या सांभाळली जाणारी.
खाली दोन सह्या.
तिनं डाव्या हातानं केली,
रेघेवरून घसरत गेलेली,
पहिल्यांदा स्की बांधलेल्या पोरासारखी.

मोबदला बँकेत येतो, कर कापून.
त्याला पगार म्हणू नका,
असं पार्वियाइनेन बाईंनी बजावलंय.

अर्ज विचारतो:
कपडे चढवता का? घास भरवता का?
रात्री किती वेळा उठता?
मी लिहिलं, चार.
खोडलं. पाच लिहिलं.
मग लाज वाटली,
बायकोचं मुतणं मोजून
गुणांची बेरीज वर नेतोय म्हणून.
बाई म्हणाल्या, राहू दे पाच, ताइस्तो,
नाहीतर खालच्या गटात पडाल.

आणि महिन्याला तीन दिवस रजा. कायद्यानं.
पहिल्या रजेला बदली म्हणून सेन्नी आली,
चमचे कुठे ठेवता विचारत राहिली.
मी गाडी काढली.
पेट्रोलपंपावर कॉफी प्यालो, टॉर्चचे सेल घेतले,
मग तळ्याकाठी हीटर लावून बसलो
चार वाजायची वाट बघत.
दुसऱ्या वेळी बर्फाला भोक पाडून गळ टाकला.
तीन मासे. घरी नेले
तर इर्यानं ओठ मुरडला,
अर्धा, जेवढा मुरडतो तेवढा:
एवढेसेच?

फेब्रुवारीत मला ताप भरला.
बदली माणूस सोमवारशिवाय नाही.
शेजारची आइली संध्याकाळी तिचं सगळं करून गेली,
खोकला तिला लागू नये म्हणून
मी पलीकडच्या खोलीत पडलो.

रात्री भिंतीवर
टक.
उठायला गेलो, उठवेना.
पुन्हा टक.
बऱ्याच वेळानं कळलं, तिला काही नको होतं.
मी बोटाच्या पेरानं उत्तर दिलं.
थोडी शांतता, तेवढ्यात माझी डुलकी,
परत टक.
बाहेर उणे एकतीस.
रात्रभर हजेरी घेत होती माझी.

मेमध्ये फेरतपासणीचा अर्ज आला.
रात्री किती वेळा उठता?
त्या रात्री एकदाही नाही,
पण ते लिहायला जागा नव्हती,
आणि लिहिलं असतं तर गुण गेले असते.
पाच लिहिलं.
कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.
तिनं पेन उलटं धरलं,
टेबलावर एकदा वाजवलं
आणि बघत राहिली माझ्याकडे

मी वाजवेपर्यंत.