खिळ्याविषयी, पाचशे शब्दांत

अर्जाच्या तिसऱ्या पानावर विचारलंय:
तुम्ही घडवून आणलेला एक बदल सांगा.
शब्दमर्यादा पाचशे.

माझ्याकडे एक खिळा आहे.

चार इंची, गंजलेला.
इलठणपाड्याच्या वरच्या अंगाला, संडासाच्या दारापासून सात पावलांवर
कौसाबाई खंडागळेच्या चौकटीत ठोकलेला.
त्यावर किल्ली असते.
आधी ती ठेकेदाराच्या माणसाकडे असायची
अन् तो रात्री साडेदहाला कुलूप घालून
खाली दिघ्याला निघून जायचा.
पुढे सकाळपर्यंत बायकांनी काय करायचं
हे त्याच्या करारात नव्हतं.
पाचनंतर पाणी प्यायचं नाही,
हे इथल्या पोरींना पाढ्यांच्या आधी पाठ.

एवढंच लिहिलं तर शंभर शब्दसुद्धा धड होत नाहीत.

आईला सांगितलं, सोशल इनोव्हेशनचं मास्टर्स आहे, दोन वर्षांचं.
ती म्हणाली, नर्सिंगसारखं असतं का?
नाही गं, लोकांच्या अडचणींवर नवीन उपाय शोधायचे.
भाकरी उलटत म्हणाली,
मग त्याला फी कशाला पडते?

प्रश्न चार: या उपायाची व्याप्ती कशी वाढवता येईल?
लिहिलं, आणखी खिळे.
खोडलं.
लिहिलं, समुदाय-आधारित विकेंद्रित प्रवेश-व्यवस्थापन.
वाचून ओशाळल्यासारखं झालं,
जणू शेजारणीचाच शालू नेसून
तिच्या दारी हळदीकुंकवाला गेले.

प्रश्न पाच: यात तुमची नेमकी भूमिका काय?

वॉर्ड ऑफिसच्या सहा फेऱ्या कौसाबाईच्या,
सहा खाडे, सेक्टर आठच्या तीन घरांचे कापलेले पैसे.
ठेकेदाराशी भांडली ती फरझानाची आई,
तिचा आवाज खाणीपर्यंत गेला म्हणतात.
खिळा ठोकला यल्लप्पानं,
ज्यानं उभा जन्म दगडात सुरुंगाची भोकं पाडली,
त्यानं लाकडाला दोन घावांत सोडलं.
अन् मी?
त्या रात्री वीज गेली होती.
मी मोबाईलचा उजेड धरला होता.

नौपाड्यात एक सर अर्ज तपासून देतात.
त्यांनी प्रत्येक 'आम्ही'भोवती लाल गोल काढला.
म्हणाले, आम्हीला सीट मिळत नसते, मॅडम.
पानभर गोल,
गोवर आल्यासारखं पान.

शिफारसपत्रं दोन हवीत, प्रतिष्ठित व्यक्तींची.
एक संस्थेच्या ताईंनी दिलं, इंग्रजीत, भरघोस.
दुसऱ्यासाठी कुणी सापडेना
तर कौसाबाई म्हणाली, मी देते की.
वहीचं पान फाडून लिहिलं, एकेक अक्षर कोरल्यासारखं:
ही पोरगी उजेड चांगला धरते. हात हलवत नाही.
खाली सही.
लेटरहेड लागतं म्हटल्यावर
तिनं भिशीचा शिक्का मारला, दोनदा,
पहिला नीट उमटला नाही म्हणून.

ते पान स्कॅन करून ठेवलंय.
जोडायचं की नाही, ते अजून कळत नाही.

मुदत आज रात्री अकरा एकोणसाठ.
पाड्यावर रेंज येते ती कौसाबाईच्या दारापाशीच.
अर्ज उघडून तिथं उभी आहे.
पाचव्या उत्तरातला कर्सर लुकलुकतोय,
मी, आम्ही, मी.

खिळा रिकामा आहे.
म्हणजे आत कुणीतरी आहे.
बादलीचा आवाज, मग नळ बंद केल्याचा, घट्ट.
कुत्रं एकदा भुंकून गप्प.
फरझाना बाहेर आली, ओले हात ओढणीला पुसत,
बारावीचं वर्ष, झोप डोळ्यांवर,
किल्ली अडकवली, न बघता,
जशी आपण आपल्याच घरात अडकवतो.

दीदी, टॉर्च दाखव ना, पायरी तुटलीय खालची.

फोन वाकवला.
पायरीवर उजेड पडला,
अर्ज वरच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून.

अकरा त्रेपन्न.