गाठीवर बोट

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थना म्हटली,
"ढवळ, प्रभो, आमची मने ढवळ,"
आणि मागच्या बाकांवर बायकांना एकदम घरचे मनुके आठवले.

माझे शुक्रवारपासूनच भिजत होते.
मनुके, बेदाणे, संत्र्याच्या पाकवलेल्या साली,
वरून रम. मोजून नाही; हात थांबला तिथवर.

बाकीचं सगळं एकटीनं होतं.
बोटांना पीठ लावून चरबी किसता येते,
गाजर किसता येतं, जायफळाबरोबर थोडं नखही,
शिळ्या पावाचा चुरा, काकवीसारखी काळी साखर,
तीन अंडी, काळ्या बियरचा अर्धा पेला
(उरलेल्या अर्ध्याचा हिशेब कोणी मागत नाही).
पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळायचं असतं,
घरातल्या प्रत्येकानं एकेकदा, मनात काही मागत.
मी तेरा वेळा ढवळते. मागणं दर वेळी तेच:
माझे गुडघे.

मग आईचं सहा पेन्सांचं नाणं, उकळून, घासून, आत.
गेली नऊ वर्षं ते मलाच सापडतं.
इतकी भाग्यवान बाई ग्रिम्सबीत दुसरी नसेल.

भांडं भरलं. वर कागद, कागदाला मध्ये चुणी,
आतलं फुगणार, त्याला श्वासापुरती जागा हवी.
त्यावर कापड. कापडावरून दोरी, दोनदा, करकचून.
आणि इथे, दर वर्षी,
दोन हात कमी पडतात.
पहिला पेच घातला की त्यावर कुणाचं तरी बोट लागतं,
नाहीतर दुसरा घालेपर्यंत पहिला ढिला.
दातांत दोरी धरून पाहिली. कपाटाच्या मुठीला बांधून पाहिली.
मागच्या वर्षी कोपर टेकवलं, पाणी आत शिरलं,
आणि नाताळला मी चमच्यानं प्यायले
पुडिंगची पेज.

शेजारी स्टॅनिफोर्थ. सहा वर्षं बोलणं नाही.
त्यानं माझ्या पेअरची फांदी कापली होती, न विचारता.
मी त्याचं पत्र परत टाकलं होतं, न फोडता,
त्याच्याच दाराच्या फटीतून.
भांडं कडेवर घेतलं, लेकरासारखं,
पायात घरातल्याच सपाता,
आणि दार कोपरानं वाजवलं.
सहा वर्षांनी गाठ पडली, ती अशी.
"बोट हवंय," मी म्हटलं. "दोन मिनिटं."

त्यानं भांड्याकडे पाहिलं, दोरीकडे, माझ्याकडे सगळ्यांत शेवटी.
टेबलावरचा रेडिओ बाजूला सारला.
"दोरी इकडे द्या. बोट तुम्ही ठेवा."

मी ठेवलं.
एक वळसा, एक खालून, एक झटका,
माझ्या बोटाला दोरीचा फक्त वारा लागला.
वरून उचलायला एक कडीही करून दिली.
"फांदी," तो गाठीकडे बघत म्हणाला, "किडली होती.
पत्रात लिहिलं होतं."

आठ तास वाफवायचं. पातेल्याच्या तळाशी मी एक गोटी टाकते;
ती खुडखुडते तोवर ठीक,
गप्प झाली की पाणी आटलं.
काचा भरून आल्या. गोदीकडचे दिवे विरघळून खाली ओघळले.
चौथ्या तासाला कधीतरी, किटली हातात असताना,
लक्षात आलं:
तीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर होता तो, आइसलँडच्या बाजूला,
अंधारात, डोलत्या डेकवर,
बधिर हातांनी जाळी बांधणारा माणूस.
त्याला बोट कशाला लागतंय.

भिंतीवर पलीकडून दोन टकटक झाल्या.
पाणी बघितलंत का, असं असावं.
मी डावानं एकदा ठोकलं. बघितलं.

गोटी वाजतेय. चार तास बाकी.
नाणं यंदा कुठल्या बाजूला बुडालं
मी पाहिलेलं नाही.