सहा पूर्णांक दोन

सातपूरच्या या गाळ्यात सकाळी नऊला
नळाचं पाणी बोटं चावतं.
मी आधी ब्युरेट धुते, मग थोड्या कॉस्टिकनं विसळते,
मग भरते, आणि टोकाशी अडकलेला बुडबुडा
तोटी एकदम उघडून हाकलून देते.
हा राहिला तर पुढचं सगळं खोटं,
एवढंच नव्या पोरांना सांगते. बाकीचं ती शिकतात.

सखाहरी बोरस्ते बाहेर बाकावर बसलेत,
गुडघ्यांवर हात, शेजारी रिकामी पिशवी.
एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं पाना-पकड,
आता ओझरला घरामागे तीन निळी पिंपं.
पॅकहाउसमध्ये घडातून गळतात ते सुटे मणी,
ज्यांना जहाजात जागा नाही,
ते हे क्रेटनं आणतात, चुरगळतात, आंबवतात,
वर मलमलीचं फडकं बांधतात.
'झणझणीत झालंय ताई.
बायकोनं चाखलं अन् तिचा एक डोळा मिटला.'

त्या मिटलेल्या डोळ्याचा आकडा काढायचाय मला.

दहा मिली घेतलं, पाणी घालून शंभर केलं,
त्यातलं दहा शंकूपात्रात.
फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब.
काही म्हणजे काही दिसत नाही.
डावा हात तोटीवर, उजव्यात पात्राची मान,
थेंब पडतो तिथं गुलाबी उमटतं
आणि मनगट फिरलं की जातं,
उमटतं, जातं,
मग जायला थोडा वेळ लावतं.

पहिलं वाचन सहा पूर्णांक चार.
रंग पार राणी. घाईचा हात.
पहिल्यांदा असंच होतं, कुठं थांबायचं ते कळायला
एकदा पुढं जावं लागतं.
ते वहीत लिहायचं, हिशेबात धरायचं नाही.

दुसरं सहा पूर्णांक दोन.
तिसरं सहा पूर्णांक दोन.
रंग एवढासा, की पांढऱ्या फरशीवर धरल्याशिवाय
आहे की नाही सांगता येऊ नये.
तीस अंक मोजले. टिकला.

गुणिले शून्य पूर्णांक सहा.
तीन पूर्णांक बहात्तर शतांश.
लागतं पावणेचार.

मी पेन खाली ठेवलं.
तोटीच्या आत पुढचा थेंब होता.
दिसत नाही, पण असतो.
तो सोडला असता तर सहा पंचवीस,
आणि बरोब्बर पावणेचार, काठावर पास,
रंग जरासा चढला असता,
शिक्का, सही, पिशवीत बाटली, राम राम.
काबरा मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या,
पहिली गुलाबी रसायनाची, दुसरी आपल्या मनातली.
त्या काही इथं नव्हत्या.
बाहेर बोरस्ते कुणाला तरी फोनवर
लेबलवर द्राक्षाचा घड हिरवा हवा की काळा, विचारत होते.

मी तोटीवरचा हात काढला.

'नापास?'
'थोडं थांबा म्हणते. तुमच्या पिंपात अजून दारू शिल्लक आहे.'
गळ्यातल्या माळेकडे हात गेला त्यांचा.
'दारू? आमच्या घरी?'
'तिचंच आंबट होतं काका. आधी ती, मग हे.'
बराच वेळ गप्प. मग हळूच,
'बायकोला नका सांगू.'
वारा लागू द्या, म्हटलं. तीन आठवडे.
ढवळू नका, वरची साय मोडू नका.

'पण कमी किती पडलं?'
मी फरशीवर ब्युरेटमधून एक थेंब पाडला.
'एवढं.'
बोट पुढं आलं त्यांचं, मी मनगट धरलं,
हात नका लावू, कॉस्टिक आहे.
तेव्हा ते कमरेत वाकले, एक डोळा बारीक केला,
गाडीखाली बघत असावेत तसे,
आणि म्हणाले,
'एवढं तर आमचं इंजिन रोज गळायचं
अन् सप्तशृंगी चढून यायचं.'

बाटली माझ्याकडेच ठेवून गेले.
दुपारी पाहिलं तर तिसऱ्या पात्रातला रंग
नुसत्या हवेनं उडाला होता.