सुरुवातीला हलकाच बरा

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
झेरॉक्सवाला आणि मोबाइल कव्हरवाला
यांच्या मधली सहा फुटांची फट
म्हणजे अरुळप्पनचं दुकान.
प्लास्टिकच्या डब्यात ओल्या स्पंजचा तुकडा,
त्याच्या कुशीत निजलेले चिरूट.

"पहिल्यांदा?"
मी मान हलवली.
साठाव्या वर्षी 'पहिल्यांदा' म्हणायला
जीभ जरा कचरते.

"मग हा घ्या. दिंडीगलचा. चाळीसला एक,
पाच घेतले तर पावणेदोनशे.
महागडा आत्ता नको.
महागडा कळायला आधी
दहा-वीस स्वस्त जाळावे लागतात."

एकच घेतला.

त्याला काय सांगू,
की एकतीस वर्षं रबाळ्याच्या गेटवर
सकाळी काडीपेटी जमा करत होतो.
बदल्यात पितळी बिल्ला, दोनशे चौदा.
आत टोल्युइन, आत झायलीन,
आत एक ठिणगी म्हणजे आख्खी शिफ्ट.
नवा रिअ‍ॅक्टर चालू झाला त्या दिवशी
डायरेक्टरांनी गेटबाहेर, गाड्यांच्या आडोशाला,
ऑफिसरांना चिरूट वाटले.
आम्हाला पेढे.
पेढा चांगला होता, खोटं का बोलू.
पण वारा आमच्याकडचा होता,
आणि तो वास
माझ्या डांगरीच्या खिशात राहिला बहुतेक,
धुतला तरी.

अरुळप्पन सांगत होता,
मी शाळेतल्यासारखा ऐकत होतो:
टोक ब्लेडनं, दातानं नाही.
काडीचा गंधक जळून जाऊ द्या, मग जवळ न्या.
ज्योत टेकवू नका, फिरवत राहा,
पापड भाजतात तसा.
मिनिटाला एक झुरका, घाई केली की तापतो.
राख झटकू नका, ती तिच्या वेळेनं पडते.
"आणि मेन गोष्ट.
धूर आत नाही घ्यायचा.
तोंडात ठेवायचा, चव घ्यायची, सोडायचा.
छातीत नाही. कळलं?"

कळलं.
एकतीस वर्षांत
हे एवढं एक वाक्य
कुणी बोललं असतं तर.

घणसोलीच्या खाडीकडे गेलो संध्याकाळी,
बाप जिथे मीठ ओढायचा त्या बांधावर.
मीठ नाही आता, बांध आहे अर्धा.
समोर डोंगराच्या पायथ्याशी आमचा प्लांट होता;
तिथे डेटा सेंटर झालंय,
भिंतीसारखं उभं, ना खिडकी ना धुराडं.
जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली होती मला,
नोकरीच्या बदल्यात खोकला.
हिशेब पुरा झाला म्हणतात.

काडी ओढण्याआधी
मान वळवून मागे पाहिलं.
कुणी नव्हतं.
तरी पाहिलं.

तीन काड्या गेल्या. चौथीला पेटला.
आधी ओल्या गोणपाटाची चव,
मग मिरी, मग बराच वेळ काही नाही,
मग अचानक
लाकडाच्या पेटीतलं जुनं कापड.
एकदा विसरून आत ओढला,
आणि डोळ्यांतून पाणी येईतो खोकलो.
सवय. शरीर विचारत नाही.
बोटभर राख धरून बसलो,
नवं पोर पहिल्यांदा मांडीवर घ्यावं तसा,
हलू नये म्हणून.

शेवटची दोन बोटं कडू झाली.
चिरडायचा नाही, असं तो म्हणाला होता,
ठेवून द्यायचा, आपला आपण विझतो.
दगडावर ठेवला. खिशातला बिल्ला
बाजूला ठेवला, उगाच, मग परत उचलला.

बेबीनं दारातच नाक मुरडलं:
"नारलाच्या शेंड्या जालल्यास का काय?"
"नाय गो."
"मग?"
"शिकतोय."
ती माझ्याकडे बघत राहिली, मग आत जाऊन
पंखा पाचवर केला.

मंगळवारी पुन्हा गेलो.
अरुळप्पन स्पंजवर पाणी शिंपडत होता.
"कसा होता?"
"कडू."
"पहिल्यापासून की शेवटाला?"

मी खरंच विचार केला,
मागे दोन पोरं स्क्रीनगार्डसाठी ताटकळत उभी.
"दोन्हीकडे," म्हटलं.
"मधे बरा होता."

"मग जमेल तुम्हाला," तो म्हणाला,
आणि डबा उघडला.